मिनिमम ड्यू भरतोय, तरी आकडा वाढतोच कसा? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पैशांवरची पत्रं एवढी आली की बाकी सगळे विषय पुढच्या अंकात ढकलावे लागले. पाच पत्रं घेतलीयत. नावं अर्थातच छापत नाही, आकडे थोडे गोल केलेत. ठाण्यातल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात मी २९ वर्षं काढली, टेबलाच्या पलीकडे बसलेली माणसं रोज बघितली, त्यामुळे पत्र वाचताना चेहरासुद्धा दिसतो.

नमस्कार ताई. मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, वय ४१, वागळे इस्टेटमधल्या कंपनीत नोकरी, हातात ७२,००० येतात, बायको घरी ट्यूशन घेते तिचे १४,०००. होम लोन ३२ लाख बाकी, हप्ता ३१,५००. पर्सनल लोन ३ लाख ४० हजार बाकी, हप्ता ११,८००. मोबाईलचा ईएमआय ३,२००, अजून पाच राहिलेत. दोन क्रेडिट कार्ड आहेत, एकावर १ लाख ६२ हजार, दुसऱ्यावर ७४ हजार, दोन्ही मिळून महिन्याला १२,००० मिनिमम ड्यू न चुकता भरतो, एकदाही चुकवला नाही, तरी आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढतोच आहे. मेहुण्याकडून ६०,००० हातउसने घेतलेत ते वेगळे. मुलीच्या नावाने १ लाखाची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय. कंपनीत पतपेढी आहे पण जामीनदार लागतो म्हणजे ऑफिसात कळणार. बायकोला कार्डांचं माहीत नाही. एका एजन्सीचा फोन आलेला, म्हणतात आधी फी भरा, कार्डाचं कर्ज अर्ध्यात सेटल करून देतो. करू का?

आधी एजन्सीचं, कारण ते घाईचं आहे. नको. त्यांची पद्धत अशी की तुम्हाला हप्ते भरायचे थांबवायला सांगतात, खातं थकलं की मग बँकेशी बोलतो म्हणतात, तोपर्यंत त्यांची फी गेलेली असते आणि वसुलीचे फोन तुम्हाला येत असतात. आणि खरंच अर्ध्यात मिटलं तरी सिबिल रिपोर्टवर त्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा वर्षानुवर्षं राहतो, पुढचा कुठलाही बँकवाला तो बघून हात आखडता घेतो. सेटलमेंट नोकरी गेलेल्या माणसासाठी, आजारपणात सगळं संपलेल्या माणसासाठी असतं. तुमचा पगार दर महिन्याला येतोय.

आता आकडा का वाढतो ते. तुमच्या दोन्ही कार्डांवर मिळून २ लाख ३६ हजार आहेत. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा, ते झाले ८,२६०, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १,४८७, मिळून साधारण ९,७५०. तुम्ही भरता १२,०००. म्हणजे एवढी ओढाताण करून मुद्दल खाली येतं फक्त सव्वादोन हजारांनी. इथपर्यंत निदान खाली तरी येतंय. पण तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर घरखर्चाचा जो हिशोब दिलाय तो मी बेरीज केला: शाळेची फी सरासरी ६,५००, मेंटेनन्स ४,२००, लाईट गॅस मोबाईल ४,५००, किराणा दूध भाजी १५,०००, येणंजाणं ४,०००, गावी आईवडलांना ३,०००, एकूण ३७,२००. आणि सगळे हप्ते भरून तुमच्या हातात उरतात २७,५००. मधले ९,७०० कुठून येतात? कार्डावरून येतात. एका हाताने १२,००० भरताय आणि दुसऱ्या हाताने ९,७०० परत उचलताय, आणि मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, डी-मार्टचं बिल ज्या दिवशी स्वाइप केलं त्याच दिवसापासून व्याज सुरू. म्हणून महिन्याला साधारण साडेसात हजारांनी कर्ज वर चढतंय. तुमची शिस्त कमी पडलेली नाही, तुम्ही एकदाही चुकवलं नाही हे खरंच आहे, पण मिनिमम ड्यू भरल्याने फक्त लेट फी वाचते आणि खातं थकीत दिसत नाही, कर्ज फिटत नाही.

एफडी मोडा. मला माहितेय हे वाचून पोटात गोळा येईल, मुलीच्या नावाचे पैसे आहेत. पण त्या लाखावर सात टक्क्यांनी वर्षाला ७,००० मिळतात आणि त्याच वर्षात कार्डावरच्या प्रत्येक लाखाला व्याज आणि जीएसटी धरून ४९,००० च्या पुढे जातात. ते सात हजार सांभाळण्यासाठी तुम्ही मुलीचेच बेचाळीस हजार घालवताय. ७४,००० चं कार्ड पूर्ण फेडा आणि लगेच लेखी अर्ज देऊन बंद करा. पूर्ण बाकी भरल्यावर अर्ज केला की सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाला तर बँकेला रोजचे ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात, त्यामुळे अर्ज दिल्याची पोच नीट ठेवा. उरले २६,०००. त्यातले २,००० मोठ्या कार्डात टाका म्हणजे ते १ लाख ६० हजारांवर येईल आणि २४,००० सेव्हिंगला बाजूला राहू देत, कारण पहिल्याच महिन्यात कुणाला ताप आला आणि हातात काही नसेल तर परत कार्ड बाहेर निघतं, हे मी पन्नास वेळा बघितलंय.

राहिलेल्या १ लाख ६० हजारांसाठी पतपेढी. ऑफिसात कळेल ही भीती समजते, पण एक सांगू का, पतपेढीच्या कर्जाच्या रांगेत तुमचे साहेबसुद्धा कधीतरी उभे राहिलेले असतात. बारा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ५,३०० बसतो आणि पगारातूनच कापला जातो. कार्डांना जाणारे १२,००० एकदम ५,३०० वर आले. पतपेढीत नाहीच जमलं तर ज्या बँकेचं कार्ड आहे तिलाच फोन करून बाकी ईएमआयमध्ये बदलून मागा, दर पतपेढीपेक्षा जास्त असेल पण कार्डाच्या निम्म्याच्या आत येतो. सोनं गहाण ठेवणं हाही स्वस्त मार्ग आहे, पण दागिने बायकोचे आहेत, तो विषय तिने काढला तरच.

आता हिशोब परत मांडू. ३१,५०० अधिक ११,८०० अधिक ५,३०० अधिक ३,२००, झाले ५१,८००. उरतात ३४,२००. घरखर्च ३७,२००. अजून तीन हजारांचं भगदाड आहे आणि ते पाच महिने राहील, मोबाईलचा हप्ता संपला की बुजेल. तेवढ्यासाठी एक काम करा, होम लोनच्या बँकेत स्वतः जाऊन बसा. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो रेट (ज्या दराने ती बँकांना पैसे देते तो) साडेसहावरून सव्वापाचवर आणला, तुमचं कर्ज जुन्या एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते तो दर) असेल तर तुमच्यापर्यंत पूर्ण कपात आलीच नसेल, रेपोला जोडलेल्या दरावर बदलून मागा, थोडी फी घेतात. आणि रेपोवरच असेल तर बहुतेक बँका दर उतरला की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, तुम्हाला आत्ता उलटं पाहिजे, हप्ता कमी. तसं मागायचा हक्क आहे. ३२ लाखांवर पाऊण टक्का म्हणजे वर्षाचे २४,०००, महिन्याचे दोन हजार. राहिलेले हजारभर रुपये किराण्यातून निघतील, त्यावर शेवटच्या पत्रात लिहिलंय. मेहुण्याला आत्ताच भेटा आणि सांगा, मोबाईलचा हप्ता संपला की त्याच्या पुढच्या महिन्यापासून दर पाच तारखेला दोन हजार. हातउसन्यात माणूस पैशांसाठी तेवढा चिडत नाही जेवढा फोन न उचलल्यावर चिडतो.

पण या सगळ्याच्या आधी बायकोला सांगा. मी हे शेवटी लिहितेय कारण आकडे हातात असले की सांगणं सोपं जातं. माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी हे झालंय, भाऊजींनी दोन वर्षं लपवलं, तिला कळलं ते वसुलीवाला चरईतल्या घराच्या दारात उभा राहिला तेव्हा, आणि ती मला म्हणाली होती की कर्जाचं काही नाही गं, पण दोन वर्षं मी नवीन पडदे, मुलांचे वाढदिवस असं करत राहिले आणि हा माणूस शेजारी बसून बघत राहिला, मला एकदा तरी सांगायचं ना. तुमच्या बायकोला घरात काय परवडतं हेच माहीत नाही, मग ती खर्च कमी तरी कशाच्या आधारावर करणार? रविवारी दुपारी जेवणं झाली की मुलीला खाली खेळायला पाठवा, दोन्ही कार्डांची स्टेटमेंट, लोनचे कागद, सगळं टेबलावर ठेवा, पूर्ण आकडा एकदाच सांगा. थोडा आत्ता, थोडा पुढच्या आठवड्यात असं करू नका, दुसऱ्यांदा कळलेलं माणूस माफ करत नाही. ती रडेल, चिडेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. बसून राहा. एफडी मोडायची सही तिच्यासमोर करा.

ताई मी ऐरोलीला बीपीओमध्ये आहे, वय २४. दिवाळीत फोनवर एका ॲपवरून ८,००० चं लोन घेतलं, हातात ५,६०० आले आणि सात दिवसांत ८,००० भरायचे होते. ते भरायला दुसरं ॲप, मग तिसरं, आता पाच ॲपचे मिळून ४६,००० दाखवतायत. काल माझ्या मावशीला आणि टीम लीडरला फोन गेले, माझा फोटो एडिट करून पाठवू म्हणतायत. आईबाबांना सांगायची हिंमत नाही. जीव नकोसा झालाय.

तुला तू म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची आहेस. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. हे पत्र मिळाल्या दिवशीच मी तुला फोन केला होता आणि आपण बोललो, पण अशाच अडचणीत असलेल्या दुसऱ्या कुणासाठी इथे छापतेय. जिवाचे विचार येत असतील तर आधी घरातल्या एका माणसाला उठवून सांग, रात्रीचे दोन वाजले असतील तरी. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

५,६०० देऊन आठवड्यात ८,००० मागणं म्हणजे एका आठवड्याचं व्याज जवळजवळ ४३ टक्के. हा सावकारीचा सुद्धा दर नाही, हा सापळा आहे, आणि तो तुझ्या भीतीवर चालतो, त्यामुळे पहिली गोष्ट ज्याची त्यांना भीती दाखवायचीय ती तूच करून टाक: मावशी, टीम लीडर, जवळचे दहा-पंधरा लोक, सगळ्यांना मेसेज टाक की माझा फोन डेटा एका फ्रॉड लोन ॲपकडे गेलाय, माझ्या नावाने फोन किंवा फोटो आला तर उत्तर देऊ नका, ब्लॉक करा, मला स्क्रीनशॉट पाठवा. एवढा मेसेज गेला की त्यांच्या हातातलं अर्ध हत्यार गेलं. मग १९३० ला फोन आणि सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, सोबत स्क्रीनशॉट, कॉल रेकॉर्डिंग, ज्या यूपीआय आयडीवर पैसे भरलेस ते सगळं. ॲप काढून टाकायच्या आधी हे सगळं साठव, आधी डिलीट केलंस तर पुरावा जातो. तक्रारीचा नंबर घेऊन जवळच्या पोलीस स्टेशनला जा, आणि एकटी जाऊ नकोस.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच डिजिटल कर्जाचे नियम आणलेत, त्यात ॲपला तुझ्या फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो, कॉल लॉग बघायला मनाई आहे, एकूण खर्च किती हे आधी कागदावर द्यावं लागतं, आणि दुसऱ्या एका नियमाने वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाईटवर आता अधिकृत लोन ॲपची यादीसुद्धा आहे. तुझी पाचही त्यात शोध. एखादं ॲप खऱ्या नोंदणीकृत कंपनीचं निघालं तर त्या कंपनीला ईमेल करून हिशोब माग आणि जे कायदेशीर देणं असेल ते हप्त्यात दे, कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. यादीत नसलेल्यांना मात्र तक्रार केल्याशिवाय आणि पोलिसांशी बोलल्याशिवाय एक रुपया पाठवू नकोस, पाठवलास की त्यांना कळतं ही घाबरते, ही देते. आणि सहावं ॲप नको. आईबाबा ओरडतील. ओरडू देत.

मित्र पतसंस्थेतून ५ लाख काढतोय, मला जामीनदार राहा म्हणतो. नुसती सही आहे म्हणतो. कळव्याला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये वाढलोय, नाही कसं म्हणू?

नुसती सही नसते. आपल्याकडे १८७२ चा करार कायदा आहे, त्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, म्हणजे मित्राने हप्ता चुकवला तर संस्थेला आधी मित्राच्या मागे लागायची सक्ती नाही, ती सरळ तुमच्या पगाराकडे येऊ शकते. मी अशा जामीनदारांची पत्रं टाईप केलीयत आणि ती माणसं कौंटरवर येऊन "पण मी तर एक रुपया घेतला नाही" म्हणून उभी राहिलेली बघितलीयत, त्यांना काय उत्तर द्यायचं हे मला शेवटपर्यंत जमलं नाही.

स्वतःला एकच विचारा, उद्या हे पाच लाख मला भरावे लागले तर मी मोडेन का. मोडत असाल तर नाही म्हणा, आणि बहाणे न करता म्हणा: माझी ऐपत नाही, मी ५,००० तुला असेच देतो, परत नको देऊस, पण सही नाही करणार. खरा मित्र चार दिवस रुसेल.

दिघ्याला पोळीभाजी केंद्र चालवते. सासऱ्यांच्या ऑपरेशनला वस्तीतल्या एकाकडून ४०,००० घेतले, महिना दहा टक्के. अकरा महिने झाले, दर महिन्याला ४,००० देतेय, मुद्दल तेवढंच. त्याच्याकडे माझा सही केलेला कोरा चेक आहे. दोन महिने थांबते म्हटलं तर म्हणतो चेक टाकतो, जेलमध्ये जाशील.

ताई, तुम्ही ४०,००० वर आतापर्यंत ४४,००० नुसतं व्याज दिलंय. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. लायसन्स नसताना व्याजाने पैसे देणं हाच गुन्हा आहे, आणि लायसन्स असलं तरी शेती सोडून बाकीच्यांना तारण ठेवून वर्षाला १५ आणि बिनतारण १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. वर्षाला म्हणतेय, महिन्याला नाही. शिवाय मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आपल्याकडे जुनी माणसं दामदुपटीचा नियम म्हणतात तोच. तुमच्या बाबतीत ती रेष ओलांडून झालीय.

तालुक्याला सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था यांचं कार्यालय असतं, सावकारीच्या तक्रारी तिथे घेतात. पण तुम्ही आधी ठाणे कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यांना कोऱ्या चेकचं सगळ्यात आधी सांगा. चेक वटला नाही की खटला होऊ शकतो हे खरंय, नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे, नोटीस घ्यायची टाळू नका. पण देणं किती आणि कसलं हे तिथे मांडता येतं, बेकायदेशीर सावकारी त्यात उघडी पडते, म्हणून अशी माणसं धमकी जेवढी देतात तेवढी कोर्टात जात नाहीत. तरी त्यावर विसंबू नका, वकील घ्याच. तुम्ही दिलेल्या पैशांचं काय आहे तुमच्याकडे? फोनवर पाठवले असतील तर स्टेटमेंट काढा, रोख दिले असतील तर तारखा वहीत लिहून काढा आणि यापुढे एकही रुपया रोख देऊ नका. त्याच्याशी बोलायला एकट्या जाऊ नका.

आणि पुढच्या वेळी दवाखान्याचा प्रश्न आला तर (न येवो) हॉस्पिटलमध्ये समाजसेवकाचं टेबल कुठे ते आधी विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजना रेशनकार्डावर चालते, पुष्कळ ऑपरेशनं त्यात बसतात, आणि बाहेर व्याजाने पैसे काढल्यावर कुणीतरी सांगतं की अहो हे तर फुकट झालं असतं. एखाद्या बचत गटात पण जा, गटाचं व्याज गटातच राहतं.

कोपरखैरण्याला राहते. मिस्टर मार्केटला माथाडी आहेत, कमाई कमीजास्त होते. कर्ज आमच्यावर नाही, पण जून आला, गणपती आले की दरवर्षी कुणाकडे तरी हात पसरावा लागतो. हिशोबाची वही दर महिन्याला घालते, दहा तारखेनंतर बंद पडते. काहीतरी सोपं सांगा.

वही बंद पडते कारण तुम्ही कोथिंबिरीची जुडी पण लिहिताय. सोडून द्या. फक्त तीन गोष्टी लिहा: घरात आले किती, एक तारखेच्या आत ठरलेले गेले किती (भाडं, फी, लाईट, गॅस, हप्ता), आणि बाकी राहिलेत किती. त्या बाकीला चारने भागा, आठवड्याचा आकडा आला. तेवढे सोमवारी रोख काढून डब्यात ठेवा, भाजी, दूध, रिक्षा, पोरांचा वडापाव सगळं त्यातून. मोबाईलवर स्कॅन करून पैसे देताना हाताला काही कळत नाही, डबा रिकामा होताना कळतं. शुक्रवारी डबा संपला तर शनिवार-रविवार घरात जे आहे त्यावर, पिठलं-भात. पहिले दोन महिने चुकेल, आकडा जरा वाढवून घ्या, उपाशी राहून हिशोब करायचा नाहीये.

पण तुमची खरी अडचण आठवड्याची नाहीच. जून आणि गणपती दरवर्षी येतात हे आपल्याला माहीत असतं तरी आपण ते अचानक आल्यासारखे धरतो. तुम्ही लिहिलेले आकडे घेते: जूनमध्ये शाळेची वह्या-पुस्तकं-गणवेश-फी १८,०००, गणपतीला गावी जाणं, सगळ्यांचं तिकीट, घरचा खर्च, तिकडे भावकीत देणंघेणं २२,०००, दिवाळी १५,०००, मेडिक्लेमचा हप्ता १७,०००. एकूण ७२,०००. बाराने भागलं की ६,०००. म्हणजे तुमच्या घराचा खर्च दर महिन्याला तुम्हाला वाटतो त्यापेक्षा सहा हजारांनी जास्त आहे, फक्त तो चार वेळा दिसतो. वेगळं सेव्हिंग खातं उघडा, त्याचं एटीएम कार्ड घेऊच नका, आणि मिस्टरांची कमाई कमीजास्त असते तर महिन्याला एकदम सहा हजार टाकायचा हट्ट नको, ज्या आठवड्याला जास्त आले त्या आठवड्याला दोन हजार टाका, ओढाताणीच्या आठवड्याला पाचशे. भिशी लावली असेल तर ती ओळखीच्या बायकांचीच असू दे, आणि तुमचा नंबर मेमध्ये किंवा ऑगस्टमध्ये लागेल असं आधीच बोलून ठेवा.

किराण्याचं, आणि हे पहिल्या पत्रातल्या कासारवडवलीच्या घरालाही लागू आहे. तुमच्या मिस्टरांना तर मार्केट घरासारखं. आमच्या आईच्या वेळेला एप्रिल-मेमध्ये वर्षाचं धान्य भरायचे, एरंडेल लावून, कडुनिंबाचा पाला घालून. आता वन बीएचकेत वर्षाचं कुठे ठेवणार, पण तीन-चार महिन्यांचं बसतं. चार शेजारणींनी मिळून वाशीच्या दाणाबंदरातून तांदूळ, गहू, तूरडाळ आणली आणि मसाला मार्केटातून मिरची-धणे, तर पोत्याच्या भावात पडतं, टेम्पोचं भाडं चौघींत वाटलं जातं. फक्त मोठी पोती आणायचे पैसे त्याच महिन्याच्या डब्यातून काढू नका, ते वरच्या सहा हजारांच्या खात्यातून घ्या आणि पुढच्या तीन महिन्यांत किराण्यातून वाचलेले परत तिथेच टाका.

गणपतीचं तिकीट रेल्वेचं ६० दिवस आधी उघडतं. त्या सकाळी आठला मोठ्या मुलाला मोबाईल घेऊन बसवा. तिकीट मिळालं नाही तर ऐनवेळी खाजगी बसला जे जातात ते मी तुमच्या २२,००० मध्ये धरलेले नाहीत.